चल आई, ठेवते

मी मावशी आहे. इथे सख्खी कुणाचीच नाही, पगारी. अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळायला जी बाई घरात ठेवतात, तिला सगळे मावशीच म्हणतात. ज्या घरी मी राहते तिथल्या आजी सत्तरी ओलांडलेल्या, त्याही मला मावशी म्हणतात. त्यांची चाळिशीतली मुलगी म्हणते, दूधवालाही म्हणतो. माझ्या खऱ्या भाचीला मात्र मला काय हाक मारायची ते आठवावं लागतं, इतकी मी घरी जाते.

आजींच्या मुलीला आजी बबी म्हणतात, म्हणून मी बबीताई म्हणते. ती परदेशात एका म्हातारीला सांभाळते. म्हणजे काम माझंच, फक्त त्याला विमानाने जावं लागतं. त्या म्हातारीची मुलगी आणखी तिसऱ्याच देशात मोठ्या हुद्द्यावर आहे, ती बबीताईचा पगार देते. बबीताई त्यातून माझा पगार देते. मी माझ्यातून जावेला पाठवते, कारण माझी मुलगी जावेकडे राहून शिकते. जाऊ पुढे कुणाला काय देते ते मी विचारलेलं नाही. पण साखळी लक्षात आली असेल. जो तो दुसऱ्याच्या आईचं नाहीतर लेकराचं करतोय आणि आपल्या माणसांना पैसे पाठवतोय. एकदा मी आजींना म्हटलं, "सगळ्यांनी एकेक घर मागे सरकायचं ठरवलं, तर सगळ्या आपापल्या घरी पोचतील की हो."

"पोचतील," आजी म्हणाल्या. "आणि खातील काय?"



आमच्या गल्लीत हे कुणाला नवीन नाही. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बाहेर आहे. कुणी गाडी चालवतं, कुणी भिंती बांधतं, कुणी दुसऱ्यांची भांडी घासतं. महिना संपत आला की इथले फोन टुणटुण वाजायला लागतात आणि दुकानदार एकदम प्रेमाने बोलायला लागतो. ज्या घराला नवीन गेट, त्या घराचा मुलगा बाहेर. गेटाला रंग नसेल तर मुलगा बाहेर आहे पण त्याचं काम सुटलंय. कुणाला विचारायची गरज पडत नाही.

आजींना झटका आला तेव्हा बबीताई तिकडेच होती. डावी बाजू गेली. वाचा हळूहळू परत आली, उजवा हात तर धडच होता, पण पाठ काही उभी राहीना. बसवलं की आजी डावीकडे कलायच्या, थेट आडव्याच व्हायच्या. व्यायाम शिकवणारा यायचा, तो म्हणायचा होईल होईल, आणि त्याचे पैसे घेऊन जायचा. त्या दिवसांत बबीताई फोनवर नुसती रडायची. "आई, मी सगळं सोडून येते," एवढं एकच पालुपद.

सोडून येते म्हणजे काय, ते मला आणि आजींना चांगलं कळत होतं. ती आली की पैसा थांबला. पैसा थांबला की औषधं थांबली, मी थांबले, आणि तिकडे माझ्या मुलीची शाळाही थांबली. आजींना त्याहून वेगळी भीती होती. त्यांनी स्वतः सासूचं अंथरुण काढलं होतं, त्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. लेकीने आपलं अंथरुण काढत बसायचं हे त्यांच्या मनाला पटणंच शक्य नव्हतं. म्हणून एका दुपारी फोनवर त्यांनी ठोकून दिलं, "अगं, यायचं काय त्यात? मी आता खुर्चीत बसते!"

"खरंच? उद्या दाखव."

फोन ठेवल्यावर आजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आजींकडे. "आता?" मी विचारलं.

"आता तू," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून आमचं ते रोजचं नाटक सुरू झालं. दुपारी बबीताईची म्हातारी झोपायची, तेव्हा तिचा फोन यायचा. त्याआधी मी आजींचे केस विंचरायचे, तोंड पुसायचे, त्यांना उचलून लाकडी खुर्चीत बसवायचे. खुर्चीला पाठीमागे उभ्या पट्ट्या आहेत, पट्ट्यांच्या मधून हात जातो. फोन समोर बिस्किटांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, आजींच्या खांद्यावरून शाल टाकायची, आणि मी खुर्चीमागे गुडघ्यांवर. एक हात डाव्या बरगडीखाली, दुसरा कमरेला. फोन वाजला की आजी उजव्या हाताने बटण दाबायच्या आणि राणीसारख्या बसून विचारायच्या, "काय गं, जेवलीस का?"

माझं तोंड त्यांच्या पाठीत. मला दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं. आणि हातांना कळायचं. फोन वाजायच्या आधी आजींची छाती धडधडायची ती माझ्या हाताला लागायची. हसू ओठांवर यायच्या आधी बरगडीत हलायचं. लेक काही लागट बोलली की पाठ दगड व्हायची. इतकी वर्षं मी ती माय-लेक हातांनी ऐकली, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

"मावशी कुठेत?" बबीताई हमखास विचारायची.

"बाजारात गेलीय."

"रोजच बाजार?"

"पायाला चाकं आहेत तिच्या," आजी म्हणायच्या, आणि मी मागे दातओठ खात बसायचे, कारण त्याच पायांना तेव्हा मुंग्या आलेल्या असायच्या.

एकदा तर मला शिंक आली. चांगली सणसणीत. आजी जागच्या जागी दचकल्या आणि म्हणाल्या, "मांजर! हल्ली घरात एक मांजर येतं."

"बरीच मोठी दिसतेय," बबीताई म्हणाली. "तिला औषध दे हो."

त्या दिवशी आम्ही दोघी फोन ठेवल्यावर इतक्या हसलो की आजींना ठसका लागला.

पण मला बबीताईचा राग यायचा. खोटं कशाला सांगू? ती फोन फार लवकर ठेवायची. आजी कुठे रंगात येत असायच्या, गल्लीतलं काहीतरी तिखटमीठ लावून सांगायला घ्यायच्या, माझ्या हाताला त्यांचं हसू नुकतं लागायला लागायचं, आणि तिकडून यायचं, "चल आई, ठेवते." झालं. पडदा काळा. आजी बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहायच्या. मग मी त्यांना परत अंथरुणावर घ्यायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"पैसे बरोबर वेळेवर येतात," मी एकदा बोललेच. "दोन शब्द जास्तीचे पाठवायला काय जातं?"

"कामात असते ती," आजी म्हणाल्या.

"झोपलेल्या म्हातारीचं काय काम? मला विचारा, मी तेच काम करते."

आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना लेकीविरुद्ध एक अक्षर खपायचं नाही, आणि मला ते ठाऊक असूनही माझ्या जिभेला हाड नाही.

गल्लीतलं कुणी सुट्टीवर आलं की बबीताई त्यांच्या हाती काही ना काही धाडायची. इतरांच्या घरी अत्तरं येतात, चॉकलेटं येतात. आजींना मऊ गाऊन आले, शाल आली. मला काय आलं असेल? गुडघ्यांना बांधायचे जाड पट्टे! लादी बसवणारे लोक बांधतात तसले. मी ते हातात धरून बघत राहिले. "मी काय इथे फरशा बसवते?" मी म्हटलं. चॉकलेट नाही तर नाही, पण हे? अर्थात मी ते खुर्चीमागे बसताना बांधायला लागले. बांधल्यावर फार बरं वाटलं, हेही मान्य केलं पाहिजे. योगायोग, दुसरं काय.

मग या वर्षी बबीताई सुट्टीवर आली.

ती येणार म्हटल्यावर आमचं नाटक अडचणीत. फोनवर घटकाभर बसणं वेगळं आणि घरात हिंडणाऱ्या, हेच काम करून पोट भरणाऱ्या बाईसमोर बसणं वेगळं. आम्ही दोघींनी युद्धाची तयारी करावी तशी तयारी केली. जुने कपडे भरून मी दोन घट्ट उशा शिवल्या, एक डाव्या कुशीला आणि एक पाठीला. त्या खुर्चीत ठोसून, वरून शाल घेतली की आजी थोडा वेळ टिकायच्या. "तिला खोलीत फार वेळ थांबू द्यायचं नाही," आजींनी हुकूम सोडला.

ती आली. फोनमधल्या आवाजावरून वाटायची त्यापेक्षा बारीक, आणि हातांची कातडी सारखी धुऊन धुऊन पांढरी पडलेली. आजींच्या गळ्यात पडून रडली, आजींच्या उशा हलल्या, मी धावत जाऊन चहाच्या निमित्ताने दोघींना वेगळं केलं. पुढे मात्र सगळं आमच्या अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. कारण बबीताई स्वतःच्या आईच्या खोलीत शिरताना दार वाजवायची! आधी बाहेर खोकायची, मग दार वाजवायची, मग "येऊ का?" विचारायची, आणि तरी जरा थांबायची. तोवर मी आजींना ताठ करून शाल पसरून मोकळी.

"तिकडे राहून पार परकी झाली पोरगी," मी आजींना म्हटलं. "आईच्या दारावर टकटक!"

एका सकाळी ती मला म्हणाली, "मावशी, तुम्ही आईला वर सरकवताना काखेत हात घालता का? पाठ जाईल तुमची." आणि स्वतःच अंगणातल्या बाकावर चादर अंथरून आडवी झाली. "मी पेशंट. ओढा मला." चादरीची कड मुठीत गुंडाळून, पाय रोवून कसं ओढायचं ते तिने दाखवलं. मी नाक मुरडलं, पण चादर ओढली तर ताई अशी सरकली की तिचं डोकं बाकाबाहेर गेलं. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून बघितलं. आम्ही दोघी हसलो. पहिल्यांदाच.

तिला एकच गोष्ट हवी होती. ती आली त्याच दिवशी म्हणाली होती, "या खेपेला आईला मी न्हाऊ घालणार."

"छे," आजी म्हणाल्या. "तू सुट्टीवर आलीस."

"मला घालायचंय गं."

"मावशीच्या हाताची सवय झालीय मला."

दुसऱ्या दिवशी पाणी गार होतं. त्यानंतर आजींना कणकण वाटत होती. मग म्हणे बबीने केस धुतले होते, तिला सर्दी होईल. आजींची कारणं संपेनात आणि बबीताईही मागे हटेना. रोज सकाळी दार वाजवून विचारायची, "आज मी?" आणि आजी "उद्या" म्हणायच्या. न्हाणीघरात उशा चालत नाहीत, शाल चालत नाही. तिथे आजी कशा बसतात ते उघड्यावर असतं. मी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून, मागून माझ्या छातीला टेकवून न्हाऊ घालते. त्यांच्याबरोबर माझीही अर्धी आंघोळ होते. हे बबीताईने एकदा बघितलं की आमचं सगळं पितळ उघडं पडणार. ती परत जाणार नाही, हे आजींनी गृहीतच धरलं होतं.

सुट्टी संपत आली. बॅग भरून झाली. शेवटच्या सकाळी तिने दार वाजवलं.

"आई, आज तरी? मी तिकडे रोज एका परक्या बाईला न्हाऊ घालते. तिच्या पाठीवरचा तीळ मला माहीत आहे. तुझ्या पाठीवर काय आहे ते मला माहीत नाही."

आजींनी मान फिरवली. "पुढच्या वेळी घाल."

बबीताईने हळूच दार लावून घेतलं.

आता या घरात मी पगारी. माय-लेकींच्या मधे तोंड घालायचं मला कारण नव्हतं. शिवाय त्या दाराआड माझा पगार होता, आणि पगारामागे माझी मुलगी. गप्प बसण्यात माझंच भलं होतं. पण मी त्या लावून घेतलेल्या दाराकडे बघत राहिले. मलाही एक मुलगी आहे. तिच्या केसांत तेल घालणारे हात माझ्या जावेचे आहेत.

"घालू द्या तिला," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? कळेल तिला."

"कळू दे."

"जाणार नाही मग ती."

"नाही गेली तर नाही गेली!" माझा आवाज चढला. "मी दुसरं घर बघेन. तुम्हाला काय वाटतं, मला भीती नाही वाटत? पण पोरगी एवढ्या लांबून आईच्या अंगाला हात लावायला आली आणि तुम्ही तिला सर्दीची कारणं सांगताय! पुढच्या वेळी म्हणे. पुढच्या वेळी तुम्ही असाल याची चिठ्ठी लिहून द्या मला."

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तसं मला माझ्या जिभेचं भान आलं, पण शब्द सुटून गेले होते. मग त्यांनी उजव्या हाताने शाल बाजूला केली.

"बोलाव तिला," त्या म्हणाल्या. "पण मी ताठ बसणार. तू मधे येऊ नकोस."

मी पाणी काढलं. आजींना न्हाणीघरातल्या खुर्चीवर बसवलं. भिंतीला लोखंडी कडी आहे, ती त्यांनी उजव्या हाताने अशी गच्च पकडली की बोटं पांढरी पडली. दात आवळलेले. कडीच्या जोरावर त्या बसल्या होत्या, आणि किती वेळ बसतील ते देव जाणे. मी दारात उभी राहिले, धावत जायच्या तयारीत.

बबीताई आली. तिने बाह्या वर केल्या, तांब्यात पाणी घेऊन मनगटावर ओतून बघितलं, आणि म्हणाली, "आता मी तुमचा उजवा खांदा धुते. चालेल का?"

"तुमचा?" आजी म्हणाल्या. मग त्यांनी खाली बघितलं. "आणि हे काय घातलंयस?"

बबीताईने आपल्या हातांकडे बघितलं. हातात रबरी मोजे होते. पातळ, निळे, दवाखान्यात घालतात तसले. ती त्या हातांकडे अशी बघत राहिली की जणू ते कुणीतरी दुसऱ्याने तिला घालून दिले होते.

"मला कळलंच नाही, कधी घातले," ती म्हणाली. "खिशात असतात. आपोआप…"

"काढ," आजी म्हणाल्या. "मला तुझे हात पाहिजेत."

तिला मोजे काढता येईनात. ओले होऊन कातडीला चिकटले होते. शेवटी तिने दातांनी ओढून काढले आणि कोपऱ्यात टाकले. मग तिने जे केलं ते बघून मी जागच्या जागी थिजले. ती आजींच्या मागे गेली, ओल्या फरशीवर गुडघे टेकले, आणि एक हात डाव्या बरगडीखाली ठेवला, दुसरा कमरेला. बरोबर तिथेच. मी ठेवते त्याच जागी, बोटभरही इकडेतिकडे नाही.

"आई," ती म्हणाली, "आता कडी सोड."

"मला लागत नाही कुणाची…"

"सोड गं. किती वर्षं ताठ बसशील? मी पहिल्या दिवसापासून बघतेय."

मग आजींची बोटं एकेक करून कडीवरून सुटली आणि त्यांचं सगळं अंग मागे लेकीच्या अंगावर आलं. इतक्या वर्षांत मी आजींना माझ्या अंगावर घेतलंय, पण त्या अशा कधीच सैल पडल्या नव्हत्या.

"तुला कसं कळलं?" आजींनी विचारलं.

"एकट्याने बसलेलं माणूस कप उचलताना थोडं तरी हलतं. तू चहाचा कप उचलायचीस आणि भिंतीसारखी बसून राहायचीस. ऐन उन्हाळ्यात शाल. आणि मावशी रोज त्याच वेळेला बाजारात." ती आजींच्या खांद्यावर पाणी ओतत होती, हाताने पसरवत होती. "मी तेच काम करते आई. माझ्यापासून लपवायला निघालात तुम्ही दोघी?"

"म्हणजे ते मांजर…"

"मांजराला सर्दी झाली होती."

आजींना हसू फुटलं. हसताहसता रडू आलं, आणि दोन्ही एकदम चालू राहिलं. मला मात्र हसू येईना, कारण माझ्या डोक्यात भराभर एकेक गोष्ट जागेवर बसत होती. गुडघ्यांचे पट्टे. दारावरची टकटक.

"माहीत होतं तर आली का नाहीस?" आजींनी विचारलं. त्यांनाच ती यायला नको होती, तरी हे विचारल्याशिवाय राहवलं नाही. आईच ती.

बबीताईचा हात थांबला. "आले असते तर तुला मागून धरायला कोण होतं? मी एकटी? मग औषध कशाने आणायचं, खायचं काय? तिकडे त्या म्हातारीला मी उचलते, म्हणून इकडे तुला उचलायला मावशी आहेत. रोज तिला उचलताना मी हेच मनात म्हणते. चिडून म्हणते, पण म्हणते. मला परत जावंच लागणार आहे आई. तू ताठ बसलीस तरी आणि नाही बसलीस तरी."

"जा," आजी म्हणाल्या. "पण आधी पाठ घास."

तिने पाठ घासली. सावकाश, साबण पुनःपुन्हा लावून, काही शोधत असल्यासारखी. "इथे एक डाग आहे," ती म्हणाली. "जन्मखूण आहे का?"

"मला काय माहीत? मला माझी पाठ दिसते का?"

"आहे," मी दारातून म्हटलं. "आणि खाली अजून एक आहे. बारका."

तिने तोही शोधून काढला.

मला एक विचारायचं होतं. इतक्या वर्षांचं माझं पोटातलं. अंग पुसून, आजींना अंथरुणावर नीट टेकवून झाल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, रागावू नका. पण तुम्ही फोन इतक्या लवकर का ठेवायचात? आजी बिचाऱ्या बोलायला लागल्या की लगेच चल ठेवते, चल ठेवते."

तिने माझ्याकडे बघितलं. तिचे कपडे अजून ओलेच होते.

"तुमचे हात भरून आलेले असायचे ना," ती म्हणाली. "आई बोलायला लागली की पडद्यावर ती हळूहळू थरथरायची. म्हणजे तुमचे हात थरथरत असायचे. मग मी ठेवायचे."

नळ सोडून मी धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

संध्याकाळी ती गेली. गाडी वळेपर्यंत गल्लीतले लोक दारात उभे होते. ते नेहमीच उभे राहतात, कारण प्रत्येकाच्या घरातून तशी एक गाडी गेलेली असते.

ती पोचल्यावर पहिला फोन आला तो नेहमीच्याच वेळेला. त्याआधी मी सवयीने आजींचे केस विंचरले, शाल काढली, गुडघ्यांना पट्टेसुद्धा बांधले. आजी अंथरुणातून बघत होत्या. "कुठे निघालीस?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या लक्षात आलं. पट्टे सोडवून ठेवले. फोन उशीला टेकवला. आजी आडव्याच, डोक्याखाली हात, केस उशीवर पसरलेले. बबीताई तिकडे कुठल्याशा जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिला मी पहिल्यांदाच पडद्यावर समोरून बघत होते.

आजींनी गल्लीतलं सुरू केलं. कोणाच्या गेटाला रंग लागला, कोणाचा उडाला. ते संपलं तर झटका यायच्या आधीचं काहीतरी, मग बबी लहान असतानाचं, मग सासूचं, जे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. मी बाजूला बसून होते. माझ्या हातांना काही काम नव्हतं आणि ते कुठे ठेवावेत ते मला सुचत नव्हतं. आजी हसायच्या तेव्हा माझा तळवा उगाचच उघडायचा. चहा केला, आम्ही प्यायलो, ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं. शेवटी आजीच दमल्या.

"चल बबे, ठेव आता," त्या म्हणाल्या. "तुझी म्हातारी उठेल."

"थांब ना गं," तिकडून बबीताई म्हणाली. "आता कशाला घाई?"